आमच्या घरातली तमारियन



गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. इंदूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती. मी आणि माझी दहा वर्षांची लेक कूलरसमोर बसून 'स्टार ट्रेक'चा एक जुना भाग बघत होतो. पडद्यावर एक परग्रहवासी कॅप्टन पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता. वाक्यात दोन माणसांची नावं होती आणि एका जागेचं. समोरचा पृथ्वीवरचा कॅप्टन पार गोंधळून गेला होता. लेकीने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा तर पणजीसारखा बोलतो!"

तिची पणजी म्हणजे माझी आजी. वय चौऱ्याऐंशी. मी आधी हसलो. मग लक्षात आलं, की पोरीने अगदी बरोबर बोट ठेवलंय. म्हणून या महिन्याच्या सदरात त्या परग्रहवासीयांची ओळख करून देतो आणि जमलं तर आजीचीही.

या लोकांचं नाव तमारियन. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पाचव्या सीझनमध्ये, १९९१ साली, 'डार्मॉक' नावाचा भाग आला. पटकथा जो मेनॉस्की यांची. मी तो पहिल्यांदा इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलमध्ये बघितला, मित्राच्या हार्ड डिस्कवरून. तेव्हा 'आयडिया भारी आहे' एवढंच वाटलं होतं.

आयडिया अशी. स्टार ट्रेकच्या विश्वात सगळ्यांकडे एक भाषांतर यंत्र असतं, युनिव्हर्सल ट्रान्सलेटर. समोरचा कुठल्याही ग्रहावरचा असो, त्याचं बोलणं तुम्हाला तुमच्या भाषेत ऐकू येतं. तमारियनांच्या बाबतीतही यंत्र आपलं काम चोख करतं. प्रत्येक शब्द कळतो, पण अर्थ काही लागत नाही. शंभर वर्षांत सात वेळा त्यांची आणि फेडरेशनच्या माणसांची गाठ पडलेली असते. भांडण एकदाही झालं नाही, पण बोलणंही झालं नाही.

कारण तमारियन गोष्टींमधून बोलतात. 'आम्ही हरलो' असं ते म्हणत नाहीत. शाका नावाच्या कुणाचं तरी नाव घेतात आणि भिंती कोसळल्या त्या वेळेची आठवण काढतात. 'हे घे, तुला दिलं' म्हणायचं असेल तर टेंबा आणि त्याचे पसरलेले हात. 'चला, निघूया' म्हणायला मिराब आणि त्याच्या जहाजाची उघडलेली शिडं. शाका कोण, कुठल्या भिंती, कशाने पडल्या, हे माहीत नसेल तर ऐकणाऱ्याच्या हाती नुसती नावं उरतात.

आता आमच्या घरी या. दूध उतू गेलं की आजी म्हणते, "झालं पानिपत!" निरोप सांगताना कुणी घोळ घातला की "कुणी केला रे ध चा मा?" सोसायटीच्या मीटिंगहून बाबा वैतागून आले की "बारभाईंचा कारभार, दुसरं काय होणार." नातवंडाला परदेशात नोकरी लागली तर "अटकेपार झेंडा लावला गं बाईने." हे ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाला शब्दकोश दिला तरी काय उपयोग? पानिपत हरियाणात आहे एवढंच त्याला कळेल. माझ्या लेकीलाही दोन वर्षांपूर्वी तेवढंच माहीत होतं.

आपण मराठी माणसं या बाबतीत बऱ्यापैकी तमारियन आहोत. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई होऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्याकडे परीक्षेतही 'पानिपत' होतं आणि क्रिकेटमध्येही. १७५८ ची अटकेची मोहीम तर आपल्या इंदूरकरांनी विशेष आठवावी, कारण रघुनाथरावांबरोबर त्या उत्तरेच्या मोहिमेत आपले मल्हारराव होळकरही होते. 'ध चा मा' म्हणजे १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाआधी पत्रातला 'धरावे' खोडून 'मारावे' केल्याची आख्यायिका. आणि त्या खुनानंतर नाना फडणवीस वगैरे मंडळींनी एकत्र येऊन जो कारभार हाती घेतला, ते बारभाई.

यातला सगळ्यात तमारियन किस्सा पानिपतचाच आहे. लढाईची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पहिल्यांदा पोचली ती एका सावकारी पत्रातून, असं सांगतात. पत्रात लढाईचं नावच नव्हतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. पेशव्यांना तो कुणी समजावून सांगावा लागला नाही. दोन मोत्यांपैकी एक त्यांचा मुलगा होता विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव.

लेकीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग तिने विचारलं, "पण त्यांना कसं कळलं की मोती म्हणजे माणूस?"

प्रश्न सोपा आहे आणि अवघडही. तमारियनांबद्दल चाहते हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतात. सगळं बोलणं जर जुन्या गोष्टींच्या संदर्भांतूनच होत असेल, तर मुळात ती गोष्ट पोरांना सांगायची कुठल्या भाषेत? शाकाच्या भिंती का पडल्या हे सांगायलाही साधे शब्द लागतीलच ना? आणि अवकाशयान बांधताना 'हा बोल्ट अर्धा फेरा घट्ट कर' हे ते कसं सांगत असतील? मालिकेने याचं उत्तर दिलेलं नाही. इंजिनिअर म्हणून मला हा डिझाइनमधला मोठा बग वाटायचा.

२०१४ साली इयन बोगोस्ट या लेखकाने 'द अटलांटिक'मध्ये या भागावर एक लेख लिहिला. बोगोस्ट व्हिडिओ गेम बनवणाराही आहे. त्याचं म्हणणं असं, की तमारियन उपमा देत बोलतात असं समजणं चूक आहे. ते वस्तूंना वेगळी नावं देत नाहीत, तर प्रसंग कसा घडतो, त्यात कोण काय करतं, ती सगळी चालच एका दमात सांगतात. हे वाचलं आणि माझ्या डोक्यातला दिवा लागला. आपण प्रोग्रॅमिंगमध्ये फंक्शन लिहितो ना, तसं हे आहे. फंक्शनचं नाव पाठ असून भागत नाही. या वेळी त्यात कुठल्या किमती घातल्या आहेत हे कळलं तरच उत्तर मिळतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सांगायला मला जरा जड जातंय.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी तेव्हा नोकरीसाठी बंगळुरूला होतो. घरी आई, बाबा आणि आजी. लग्नाला तीन आठवडे राहिले असताना आई फोनवर सहज म्हणाली, की आजीला जिना चढताना धाप लागते, डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितलंय, पण ती काही मनावर घेत नाही. मी म्हटलं, फोन दे तिला.

"आजी, तपासणी कधी करतेस?"

"अरे बाळा, आधी लगीन कोंडाण्याचं!"

मी हसलो. हे वाक्य काही मला नवीन नव्हतं. १६७० सालचा कोंडाणा, तानाजी मालुसरे, मुलाचं रायबाचं लग्न बाजूला ठेवून गडावर निघालेला माणूस, सगळं माहीत होतं. अजय देवगणचा सिनेमाही थिएटरात बघितला होता. घरात लग्नाची धामधूम, आजीच्या तोंडी लगीन हा शब्द, म्हणून मला वाटलं ती लग्नाचाच काहीतरी विनोद करतेय. मी म्हटलं, "हो हो, कोंडाणा जिंकूनच ये!" तीही हसली. मग रुखवताला काय काय करायचं यावर आम्ही पाच मिनिटं बोललो आणि फोन ठेवला.

ती काय म्हणाली होती ते आता नीट बघा. कोंडाणा म्हणजे नातीचं लग्न. रायबाचं लग्न म्हणजे तिची स्वतःची तपासणी. आणि तानाजी ती. घरचं कार्य आधी, माझं दुखणं मागून. आणि त्या गोष्टीत पुढे तानाजीचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. एवढं सगळं तिने तीन शब्दांत सांगितलं. मला तिन्ही शब्द कळले, गोष्टही पाठ होती. पण किमती चुकीच्या घातल्या.

लग्न छान झालं. आजी नऊवारी नेसून मांडवात मिरवत होती. फोटोत बघितलं तर आता दिसतं, की जवळजवळ प्रत्येक फोटोत ती खुर्चीवर बसलेली आहे. पाठवणीनंतर चौथ्या दिवशी पहाटे तिला हार्ट अटॅक आला. मी मिळेल त्या विमानाने आलो. ती वाचली. पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. आता ती जिना चढत नाही, मंदिरापर्यंत चालत जात नाही, गोळ्यांच्या डब्यावर तिचा दिवस चालतो. तपासणी आधी झाली असती तर अटॅक टळला असता की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला विचारता आलं असतं. त्या फोनवर मी "कसला कोंडाणा, आजी?" एवढं तरी विचारायला हवं होतं.

शाका, आणि कोसळलेल्या भिंती.

त्या रविवारी 'डार्मॉक' पुन्हा बघताना म्हणूनच मला तो वेगळा दिसला. तमारियन कॅप्टनचं नाव डेथॉन. पॉल विनफिल्ड या नटाने ती भूमिका केली आहे. चेहऱ्यावर एवढा जाड मेकअप आणि वाक्यं सगळी अशी अनोळखी, तरी त्याची कळकळ कळते. बोलणी फिसकटतात तेव्हा डेथॉन एक विलक्षण गोष्ट करतो. तो स्वतःला आणि एंटरप्राइझ यानाच्या कॅप्टन पिकार्डला खालच्या एका ओसाड ग्रहावर उतरवतो. ग्रहाचं नाव एल-अड्रेल. डेथॉनच्या हातात दोन खंजीर. पिकार्डला वाटतं, द्वंद्वाचं आव्हान आहे. तो खंजीर घेत नाही. रात्र होते, थंडी पडते, पिकार्डला काही शेकोटी पेटवता येत नाही. मग डेथॉन आपल्या शेकोटीतलं जळतं लाकूड त्याच्याकडे टाकतो आणि टेंबाचे पसरलेले हात म्हणतो. एकदा घडलं की अर्थ आपोआप लागतो. सकाळपर्यंत पिकार्डला उमगतं, की त्या ग्रहावर एक हिंस्र प्राणी आहे आणि दुसरा खंजीर त्याच्याशी खांद्याला खांदा लावून लढण्यासाठी आहे.

डेथॉन ज्या वाक्याचा जप करत होता त्याचा अर्थ तोच. डार्मॉक आणि जलाड हे दोघे टनाग्रा बेटावर वेगवेगळे आले, तिथल्या श्वापदाशी मिळून लढले आणि सोबतच परतले. डेथॉनला शब्दकोश द्यायचा नव्हता. गोष्ट दोघांनी मिळून जगली तरच समोरच्याला ती कळेल, हे त्याला माहीत होतं.

आणि इथेच एक चटका लावणारी गोष्ट घडते. ऐन झटापटीत वरून एंटरप्राइझचे लोक पिकार्डला वाचवायला म्हणून ट्रान्सपोर्टरने वर खेचू लागतात. पिकार्ड अर्धवट हवेत विरतो, काहीच करू शकत नाही, आणि एकटा पडलेला डेथॉन त्या प्राण्याच्या तावडीत सापडतो. हेतू चांगला, तंत्रज्ञान उत्तम, आणि नेमक्या क्षणी माणूस जागेवर नाही. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये कानाला फोन लावून हसणारा मी आठवलो. व्हिडिओ कॉल केला असता तरी काय फरक पडला असता? आईला जिन्यात ऐकू येणारी धाप मला पडद्यावर दिसली नसती.

मरताना डेथॉन पिकार्डकडे गोष्ट मागतो. पिकार्ड त्याला गिलगमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो, मेसोपोटेमियातली, जगातल्या सगळ्यात जुन्या लिखित कथांपैकी एक. आधी भांडलेले आणि मग जिवलग झालेले दोन मित्र, त्यातला एक मरतो आणि दुसरा ऊर फुटेस्तोवर रडतो. गंमत बघा, पिकार्ड मालिकेत फ्रेंच आहे. गिलगमेश त्याचा कुणी पूर्वज नाही. पण ती गोष्ट त्याने कधीतरी मनापासून वाचलेली असते, म्हणून गरजेला त्याची होते. आपल्यातल्या ज्यांना वाटतं, की आपलं शिक्षण इंग्रजीत झालं, मित्र हिंदी बोलणारे, घरातलं मराठीही 'मी येऊन राहिलो' छापाचं, मग या गोष्टींवर आपला काय हक्क, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्याने मनात जपली, गोष्ट त्याची.

शेवटी पिकार्ड यानावर परततो तेव्हा दोन्ही यानांत लढाई सुरू झालेली असते. तो तमारियनांशी त्यांच्याच बोलीत बोलतो आणि लढाई थांबते. आणि तमारियन आपल्या भाषेत एक नवीन वाक्प्रचार घालतात : एल-अड्रेलवरचे पिकार्ड आणि डेथॉन. हॉस्टेलमध्ये हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. त्यांची भाषा जुन्या गोष्टींवर संपलेली नाही. कालच्या प्रसंगाचीही ती आज गोष्ट करते.

भाग संपल्यावर लेकीने विचारलं, "मग त्यांची बाळं कशी शिकतात?"

मी तिला म्हटलं, "तू 'ध चा मा' कधी शिकलीस?"

तिला आठवेना. मला आठवतं. ती चार वर्षांची असताना आम्ही सुट्टीत इथे आलो होतो. तिने आईचा "चहा ठेव" हा निरोप बाबांना "चहा पिऊन टाक" असा सांगितला आणि बाबांनी आईचाही कप संपवला. आजी म्हणाली होती, "केलास ना ध चा मा!" तेव्हा तिला नारायणराव माहीत नव्हते, आनंदीबाई माहीत नव्हती, मुळाक्षरंही नीट येत नव्हती. पण निरोपात घोळ म्हणजे 'ध चा मा' हे तिथल्या तिथे बसलं. गोष्ट खूप नंतर कळली. म्हणजे माझा तो बग बहुतेक बग नव्हताच. पोरं आधी प्रसंग शिकतात, गोष्ट मागून येते. मात्र त्यासाठी प्रसंग घडताना बोलणारी आजी आणि ऐकणारं पोर एका खोलीत असावं लागतं. गोष्टींची पुस्तकं आणि सिनेमे चांगलेच आहेत, पण माझं तेवढ्यावर भागलं नाही हे मी वर सांगितलंच.

दीड वर्षापूर्वी मी कंपनीकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि आम्ही तिघं इंदूरला आलो. पगारात थोडं सोसावं लागलं. हे प्रत्येकाला जमेलच असं नाही, आणि मी ते उपदेश म्हणून सांगतही नाही. पण आजीने काही म्हटलं, की मी आता एक प्रश्न विचारतोच : "आजी, यात कोंडाणा कुठला?" सुरुवातीला ती चिडायची. आता ती थांबून सांगते आणि कधी कधी सांगता सांगता जे लपवायचं होतं तेही सांगून बसते.

गेल्या महिन्यात आमचं एक मोठं रिलीज होतं. दोन दिवस अंगात कणकण होती, गोळी घेऊन मी लॅपटॉपसमोर बसून होतो. बायकोला म्हटलं, काही नाही गं, शुक्रवार होऊ दे. लेक दप्तर आवरत होती. मान वर न करता म्हणाली, "पणजी, आत्याच्या लग्नात."

खोलीत क्षणभर सगळे गप्प झालो. मग आतून, पलंगावरून, आजीचा हसण्याचा आवाज आला. म्हणाली, "बघ रे बाळा, माझासुद्धा कोंडाणा केला पोरीने!"

मी लॅपटॉप बंद केला आणि डॉक्टरांकडे गेलो. साधा व्हायरल होता. पण आमच्या भाषेत एक वाक्प्रचार वाढला, आणि तो दुसऱ्या कुठल्याच घरात कळणार नाही.

तुमच्याही घरात असं काहीतरी असणारच. बडोद्याच्या एखाद्या काकांच्या स्कूटरवरून, बेळगावच्या आत्याच्या कुंद्यावरून, ग्वाल्हेरच्या वाड्यातल्या कुठल्याशा फजितीवरून पडलेलं. या रविवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा आणि त्यातलं एक तरी विचारून घ्या. जमलं तर अंकाकडे लिहून पाठवा.

तोवर, मिराब आणि उघडलेली शिडं. पुढच्या महिन्यात भेटूच.